बोलबाईंचा विसर

१

"मास्तर, हा कॉम्प्युटर आतून स्वच्छ पुसून द्या. काही म्हणता काही शिल्लक ठेवू नका."

जुनी गादी टाकून द्यायला सांगावं, तशा आवाजात बोलबाईंनी हे सांगितलं. मास्तर खांद्यावरची पिशवी उतरवायचंही विसरले.

मास्तरांनी उभी हयात शाळेतल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवण्यात घालवली होती. माउस कसा धरायचा हे ते पहिल्या तासाला इतकं जीव तोडून शिकवत, की मुलांनी त्यांचं नाव उंदीरमास्तर ठेवलं. आता मिशा पिकलेले बाप्ये भर रस्त्यात त्या नावाने हाक मारत, आणि मास्तरांना राग यायच्या ऐवजी बरंच वाटे.

बोलबाईंचंही खरं नाव कुणी घेत नसे. अडखळत बोलणारी, तोतरी, किंवा तोंडच न उघडणारी मुलं त्यांच्या केंद्रात येत आणि बोलायला लागून घरी जात. मूल आलं की त्याचा पहिल्या दिवशीचा आवाज बाई टिपून ठेवत, आणि निरोपाच्या दिवशी पुन्हा एकदा. एवढ्या वर्षांचे ते सगळे आवाज या घरच्या कॉम्प्युटरात होते. दुसऱ्यांच्या लेकरांची ठेव, म्हणून त्यांना कडेकोट कुलूप. अशा कुलपाला एन्क्रिप्शन म्हणतात. फाईल डोळ्यांना दिसते, पण किल्ली नसेल तर तिच्यात निव्वळ कचरा.

"आणि मुलांचे आवाज?" मास्तरांनी विचारलं.

"गेले. उघडत नाहीत. दुरुस्तीवाला म्हणाला, किल्ली हरवली, आता देवही उघडू शकणार नाही. मुलगा म्हणतो, बघून बघून त्रास करून घेऊ नकोस, पुसून टाक." बाई काठी टेकत खुर्चीत बसल्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन त्या नुकत्याच घरात हिंडूफिरू लागल्या होत्या. "पासवर्ड मीच विसरले, मास्तर. रोज घालायचा पासवर्ड. स्मृतीच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. सोमवारी केंद्र छोट्या बाईंच्या नावावर करून देते आहे. माझ्याच डोक्याचा मला भरवसा नसेल, तर कुणाचं लेकरू कशाच्या जोरावर हातात घेऊ?"

मास्तर कॉम्प्युटरसमोर बसले. फायली शिस्तीत उभ्या होत्या. नावांच्या जागी नुसते क्रमांक, आणि प्रत्येकीवरची तारीख जुनी, जिथल्या तिथे. एकीवर बोट ठेवलं, तर पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही.

व्हायरस असता तर त्याने फायली चिवडल्या असत्या, तारखा बदलल्या असत्या. इथे फायलींना कुणी हातही लावलेला नव्हता. घर शाबूत, कुलूप शाबूत. मग बिघडलं काय?

पुसायच्या बटणावरून मास्तरांनी हात काढून घेतला.

"बाई, पुसतो मी. पण आधी सांगा, तुम्ही विसरलात हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं?"



२

"तसं कुणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "मीच म्हणाले. दवाखान्यातून घरी आले, खुर्ची ओढून बसले, नेहमीचा पासवर्ड घातला. चुकीचा. पुन्हा घातला. चुकीचा. शेवटी घाम फुटला. मुलगा मागेच उभा होता. मी म्हटलं, अरे, मी विसरले वाटतं."

"तो काय म्हणाला?"

"काही बोलला नाही बिचारा. त्याचं जुनं खातं आहे यात, शिकत होता तेव्हाचं. त्यातून आत शिरला आणि मला नवा, सोपा पासवर्ड करून दिला. वर समजूतही घातली. म्हणाला, आई, फायलींचं मनाला लावून घेऊ नकोस, वय झालं की असं व्हायचंच. मग त्याला कार्यक्रमाला जायचं होतं, तो गेला. मी कॉफी करून घेतली, येऊन फायली उघडायला गेले, तर एकही उघडेना."

बोलबाईंचा मुलगा निवेदक होता. मोठमोठ्या समारंभांत त्याचा आवाज लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरे. लोक म्हणत, बोलबाईंचाच मुलगा, बोलणारच!

"किल्लीची वेगळी प्रत काढून ठेवली होती?"

"कॉम्प्युटरने विचारलं होतं. मी 'नंतर' म्हटलं."

मास्तर हसले नाहीत. जगातली निम्मी दुःखं त्या 'नंतर'च्या बटणाखाली दडलेली असतात, हे त्यांनी फार पाहिलं होतं.

"बाई, वर्गात सांगायचो तसं सांगतो. हे खातं म्हणजे तुमचं घर. पासवर्ड म्हणजे दाराची किल्ली. आत तिजोरी, तिच्यात आवाज. तिजोरीची किल्ली घरातच एका डबीत ठेवलेली, आणि त्या डबीला कुलूप तुमच्या दाराचंच. तुम्ही स्वतः जुना पासवर्ड सांगून नवा केलात, तर कॉम्प्युटर डबीचं कुलूपही बदलतो. पण दुसऱ्या खात्यातून कुणी तुमच्या दाराचं कुलूप फोडून नवं बसवलं, तर डबीवर जुनंच राहतं. नव्या किल्लीने घरात शिरता येतं, डबी काही उघडत नाही."

"म्हणजे मुलाने मदत केली आणि तिथेच घात झाला?"

"कदाचित. पण डबी अजून जागेवर आहे. तुम्हाला आठवतो तोच पासवर्ड पुन्हा दाराला बसवू, खरा असेल तर डबीही उघडेल."

"मला आठवतो त्याला काय किंमत, मास्तर?" बाईंचा आवाज चिरकला. "त्या दिवशी चाललाच नाही ना तो!"

"परीक्षेत चुकीचं उत्तर लिहिलं म्हणून शाई वाया जात नाही. लिहा."

बाईंनी लिहिला. त्यांच्या व्यायामाचा तो क्रम होता: प, ट, क, मग ट, क, प. जीभ सैल व्हावी म्हणून त्या प्रत्येक मुलाकडून रोज घोकून घेत. बोटं एकदाही थांबली नाहीत. मास्तरांनी त्यांना खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत यायला लावलं आणि सांगितलं, "आता कुठलीही फाईल उघडा."

खरखर झाली. मग एक कोवळा आवाज आला. एका शब्दाच्या दाराशी तो कितीतरी वेळ धडका देत राहिला, आणि शेवटी तो शब्द बाहेर पडला: "चेंडू."

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होत्या की रडत होत्या, कळायला मार्ग नव्हता. "मी विसरले नव्हते! मास्तर, मी विसरले नव्हते हो!"

"नव्हतात विसरला."

बाईंचे हात हळूहळू खाली आले. चेहऱ्यावरचं हसूही त्यांच्याबरोबर उतरलं.

"मग त्या दिवशी तो चालला का नाही?"

३

"फायली उघडल्या हे कुणाला सांगू नका," असं बजावून मास्तर बाहेर पडले.

दुरुस्तीवाला त्यांचाच विद्यार्थी. दुकानात उघडे पडलेले कॉम्प्युटर, तारांची भेंडोळी आणि त्या पसाऱ्यात बसायला एकच स्टूल. ते त्याने मास्तरांना दिलं.

"सर, शप्पथ, मी नाही हात लावला. बाई दवाखान्यात होत्या तेव्हा कॉम्प्युटरच्या पंख्यातली धूळ काढायला गेलो होतो. छोट्या बाईंनी दार उघडलं आणि काम होईपर्यंत माझ्या डोक्यावर उभ्या होत्या. मी काय कॉम्प्युटर खिशात घालून नेणार होतो?"

"चालू केला होतास?"

"केला ना. पासवर्ड मागितला, माझ्याकडे नव्हता. बंद करून आलो. आणि सर, कुलूपबंद फायली असलेल्या खात्याचा पासवर्ड बाहेरून बदलायचा नसतो, हे तुम्हीच शिकवलं होतंत. आठवीत कान पिळून."

"कान नव्हता पिळला."

"पिळला होता, सर. डावा."

मास्तरांनी तो मुद्दा सोडून दिला. "बाहेरून बदलता येईल असं दुसरं कुठलं खातं आहे त्यात?"

"एकच. त्यांच्या मुलाचं. त्याला पासवर्ड आहे. तो मलाही माहीत नाही."

केंद्रात छोट्या बाई आरशासमोरच्या बुटक्या खुर्च्या एकात एक रचत होत्या. बाईंच्या हाताखाली त्या कामाला लागल्या, तेव्हा मुलांनीच त्यांना ते नाव दिलं होतं. आता त्यांचेही केस पांढरे व्हायला आले होते.

"चौकशी करताय? करा," त्या म्हणाल्या. "घराची किल्ली माझ्याकडे होती. केंद्र मला मिळणार आहे. गावभर काय बोलतात ते येतं माझ्या कानावर."

"मी गावभरचं विचारायला आलो नाही. बाई दवाखान्यात असताना तुम्ही कॉम्प्युटरला बसला होतात?"

छोट्या बाईंच्या हातातली खुर्ची अर्ध्यावर थांबली.

"बसले होते. धूळ काढून झाली त्या संध्याकाळी. एका मुलाचा जुना आवाज हवा होता. बाईंना फोन केला, त्यांनी पासवर्ड सांगितला. आमचाच व्यायामाचा क्रम, मी झोपेतही म्हणेन. घातला, चालला नाही. त्या वेदनेत होत्या, म्हणून त्रास दिला नाही. काम झालं, असं सांगून टाकलं."

"आणि नंतर, बाई विसरल्या असं सगळे म्हणू लागले, तेव्हा हे कुणाला बोलला नाहीत?"

"मला वाटलं, फोनवरही त्यांनी चुकीचाच सांगितला. म्हणजे खरंच विसरल्यात." छोट्या बाईंनी खुर्ची रचली, ती वाकडी बसली. "आणि खरं सांगू, मास्तर? तसं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं."

मास्तर निघाले, तर मागून त्यांचा आवाज आला. "केंद्रात एक गप्प मुलगी येत होती. बाईंनी तिला नुकतं बोलतं केलं होतं. मग स्वतःवरचा भरवसा उडाला, तशी माझ्याकडे सोपवली. ती माझ्याशी बोलली नाही. आता घरीही बोलत नाही म्हणे. तिची आई काल येऊन तिची बाहुली घेऊन गेली."

जिन्यात मास्तरांचा फोन वाजला. निवेदक होता. फोनवरही आवाज असा, की ऐकणाऱ्याने उठून टाळ्या वाजवाव्यात.

"मास्तर, झालं का पुसून? तेवढं आजच करून टाका. आई फार खचली आहे हो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, नाहीतर मीच केलं असतं."

"या ना घरी," मास्तर म्हणाले. "तुमच्या समोरच पुसू."

४

तो येईपर्यंत मास्तर बाईंशेजारी बसून राहिले. गोष्ट सांगायची होती, आणि तोंड उघडवत नव्हतं. शाळेत नापास मुलाच्या आईला निकाल सांगताना त्यांना असंच होई.

"सांगा, मास्तर. मी काय लहान आहे?"

"तुम्ही घरी यायच्या आधीच तुमचा पासवर्ड बदललेला होता. छोट्या बाईंनी खरा पासवर्ड घातला, तरी चालला नाही, आणि तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात."

"मग छोट्या बाईंनीच..."

"त्यांना बदलता आला असता, तर त्यांनी तुम्हाला फोन करून विचारला कशाला असता? दुरुस्तीवाला पासवर्डाच्या दारातूनच परतला. बाहेरून बदलता येईल असं खातं एकच."

बाई भिंतीकडे पाहत राहिल्या.

"एवढ्यावर मी कुणाचं नाव घेतलं नसतं," मास्तर म्हणाले. "पण तुम्हीच मला एक सांगितलंत. त्याने तुमची समजूत घातली, फायलींचं मनाला लावून घेऊ नकोस. ती कधी घातली?"

"नवा पासवर्ड करून देताना."

"आणि फायली उघडत नाहीत हे तुम्हाला कधी कळलं?"

"तो गेल्यावर. कॉफी करून..." बाई थांबल्या.

ज्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, त्याला फायली गेल्याचं आईच्या आधी कळलं होतं. कारण त्याने त्या आधीच उघडून पाहिल्या होत्या, आणि त्या उघडल्या नव्हत्या.

आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी काठी उचलली, पुन्हा ठेवली.

"कशासाठी पण? दुसऱ्यांच्या पोरांचे आवाज ऐकून त्याला काय मिळणार होतं?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मास्तरांनी नजर दुसरीकडे वळवली.

"दुसऱ्यांचे नव्हते ऐकायचे त्याला," बाई म्हणाल्या.

दारावरची घंटा वाजली.

५

निवेदक आत आला तो हसतच. आईच्या पायावरची चादर नीट केली, मास्तरांना नमस्कार केला. मग त्याची नजर पडद्यावर गेली. एक फाईल उघडी होती. क्रमांक एक.

"लावू?" बाईंनी विचारलं.

त्याने पुढे होऊन पडदाच बंद केला.

"मास्तर, तुम्हाला सांगते," बाई म्हणाल्या. "हा पाच वर्षांचा होता, आणि स्वतःचं नावही याला घेता येत नव्हतं. मी तेव्हा दुसरीच नोकरी करत होते. याच्यासाठी शिकले हे सगळं. त्यातला पहिला आवाज याचा."

बाहेर हे कुणालाही ठाऊक नव्हतं. झाकली मूठ त्याने आजवर झाकलेलीच ठेवली होती.

"तू जाहीर व्याख्यान देणार होतीस," तो म्हणाला. आवाजातली सुरी बोथट झाली होती. "मुलांचे आवाज, आधीचे आणि नंतरचे. मला वाटलं... मला फक्त माझा तेवढा काढायचा होता. सगळ्यांना नुसते क्रमांक. पहिला माझाच असेल, पण ऐकल्याशिवाय खात्री कशी होणार? आणि ऐकायला गेलो, तर एकही उघडेना."

"पासवर्ड फोडलास कशाला? प, ट, क. रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर बसून म्हणायचास. एकदा घालून बघितला असतास, तर अलगद आत गेला असतास."

तो आईकडे बघतच राहिला. ते त्याला आठवलंच नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने ते सगळं इतकं खोल पुरलं होतं, की या घरात खरोखर विसरलेलं माणूस एकच होतं.

"नुसतं विचारलं असतंस मला," बाई म्हणाल्या. "तुझा आवाज व्याख्यानात कधीच नव्हता. विचारल्याशिवाय मी कुणाचाच लावणार नव्हते."

"मी सांगणार होतो, आई. तू घरी आलीस त्याच दिवशी. पण तूच आधी म्हणालीस, मी विसरले वाटतं. मी नाही म्हणालो. तू म्हणालीस."

"आणि तू?"

"मी... नाही असं म्हटलं नाही."

"डॉक्टरांकडे नेलंस."

"तू इतकी घाबरली होतीस. वाटलं, ते म्हणतील काही झालेलं नाही, आणि विषय संपेल."

"उलटे आकडे म्हणत होते मी तिथे. एक चुकला, तेव्हा तू माझा हात धरलास." बाई अगदी हळू बोलत होत्या. "मी घरी येऊन माझ्या मुलांना परत पाठवलं. बोलायला लागलेली पोर परत मुकी झाली. आणि तू म्हणालास, पुसून टाक."

निवेदकाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ओठ जुळले आणि तिथेच अडकले. मानेची शीर ताठ झाली. "ब... ब..." एवढंच. इतक्या वर्षांनी, एवढ्या सभा जिंकून, तो पुन्हा त्याच बंद दाराशी येऊन उभा राहिला होता.

बाईंनी आयुष्यभर हेच केलं होतं. मूल अडलं की थांबायचं, त्याच्या डोळ्यांत बघत, घाई न करता, तो शब्द येईपर्यंत. शेकडो मुलांसाठी त्या थांबल्या होत्या. आज त्यांनी काठी टेकली, उठल्या आणि पाठ फिरवून आतल्या खोलीकडे चालू लागल्या.

त्यांच्या जागी मास्तर थांबले. कुणीतरी थांबायला हवं होतं. चूक कितीही मोठी असो, मुलाला उत्तर पुरं करू द्यावं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. शेवटी तो शब्द सुटला, आणि त्याच्या मागून बाकीचे घाईघाईने आले.

"बाहेर... हे बाहेर कुणाला कळायला नको, मास्तर."

मास्तरांनी मान वळवली. बाई आतल्या खोलीच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"काळजी करू नका," त्या मुलाला म्हणाल्या. केंद्रात पहिल्यांदाच आलेल्या परक्या पालकांशी त्या बोलत, तोच शांत, सभ्य आवाज. "इथे आलेल्या कुठल्याही पेशंटची गोष्ट आम्ही बाहेर सांगत नाही. तुम्ही निघालात तरी चालेल."